फरहतची पहिली इमारत

फरहत मुळात भित्री मुलगी नव्हती. पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलला तिने नाव घातलं तेव्हा वर्गात मुली अगदी मोजक्या होत्या. कॉलेजची बस चुकली की ती वडिलांच्या पिकअपमध्ये, सळयांच्या मोळ्यांशेजारी उभी राहून जायची आणि उतरताना ओढणी झटकून वर्गात शिरायची. तिचे वडील नूर मोहम्मद यांचं बल्लारपूर रोडला लोखंड कापून, वाकवून देण्याचं यार्ड आहे. अर्ध्या चंद्रपूरच्या स्लॅबात त्यांची सळई असेल.

माझे यजमान गेल्यावर घराची पुढची खोली रिकामीच होती. नूर मोहम्मदांशी आमचा जुना घरोबा, म्हणून फरहतने ती ऑफिससाठी मागितली. दोन मोठ्या पडद्यांचा संगणक, एक खुर्ची आणि खिडकीला जाळी, एवढीच तिची तयारी. आधी ती इथल्याच एका इंजिनिअरकडे नकाशे काढायची. मग नागपूरला जाऊन-येऊन नवी पद्धत शिकली. तिला बिम म्हणतात. मी तिला एकदा नीट समजावून सांगायला लावलं. नन्सच्या शाळेत शिकल्यामुळे मला अर्धवट कळलेली गोष्ट डायरीत लिहवत नाही.

"काकू, आधी आपण नकाशा काढत होतो," ती म्हणाली. "आता इमारतच बांधतो, फक्त कॉम्प्युटरात. एकेक खांब, एकेक सळई, नळ, वायर. नळ तुळईत घुसला तर लगेच लाल दिसते. साइटवर समजाच्या आधी इथी समजते."

"म्हणजे चूक व्हायची नाही."

"चूक होईल. पण आधी दिसेल."

गावातल्या ठेकेदारांना आणि इंजिनिअरांना हे दाखवायला तिने एकदा माझ्या बैठकीत सगळ्यांना बोलावलं. पोहे मी केले. पडद्यावर इमारत फिरत होती, भिंती पारदर्शक होत होत्या, माणसं माना वाकडी करून पाहत होती. लटारूभाऊ म्हणून एक ठेकेदार आहेत, गडचिरोलीकडची सरकारी कामं करतात. त्यांनी सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, सारं टाकलं तुमी यात. पण 'साइटवर पाहून घेऊ' हे कुठी टाकता?"

सगळे हसले. फरहतही हसली. "त्याचं बटन नाई भाऊ यात."

"मंग कसं होईन? आपला धंदा तं त्याच बटनावर चालते."

ते खरंच होतं. आमच्याकडे घर असंच बांधतात. चुन्याने आखणी होते, खड्डा खणायला गेलं की दगड लागतो, शेजाऱ्याची नाली आडवी येते, नाहीतर घरधन्याला दार पूर्वेला हवं असतं. खांब हातभर इकडे जातो. मिस्त्री जागेवर टेप धरतो, त्या मापाने तिथल्या तिथे सळई कापतो, आणि इमारत उभी राहते. नकाशा ठेकेदाराच्या गाडीच्या डिक्कीत पडलेला असतो.

फरहतला पहिलं मोठं काम मिळालं ते नागपूरच्या एका आर्किटेक्ट ऑफिसकडून. धानोरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मुलींचं वसतिगृह. मॉडेल तिने करायचं, बांधकाम लटारूभाऊंचं. ते या पद्धतीला थ्रीडी म्हणत. त्यातली एक गोष्ट त्यांना फार आवडली. सळयांची मापं मॉडेलमधून सरळ नूर मोहम्मदांच्या मशीनवर जायची, आणि कापून, वाकवून, चिठ्ठ्या बांधून सळई ट्रकने साइटवर पोचायची. जागेवर कापाकापी नाही, तुकडे वाया नाहीत, कापणाऱ्या माणसांची गरज नाही. लटारूभाऊंनी तेवढं घेतलं. बाकीचं त्यांनी पूर्वीसारखंच ठेवलं.

फरहत जागेवर एकदाच गेली होती, आदल्या वर्षी भर पावसाळ्यात, गवत कमरेइतकं असताना.

पोळ्यानंतरची गोष्ट. दुपारचा चहा घेऊन मी तिच्या खोलीत गेले आणि तिचा फोन वाजला. दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून तिने स्पीकर लावला.

"काय मॅडम, तुमचं थ्रीडी आखूड निघालं ना," लटारूभाऊ म्हणाले.

"काऊन भाऊ, काय झालं?"

"जेवणाच्या हॉलचं लोखंड. एका गाळ्यात चार फूट कमी पडलं. बाजूच्या गाळ्यात चार फूट जास्त. मशीन झोपेत होती का तुमचे अब्बा?"

"मग तुमी काय केलं?"

"काय करतो? इकडचं कापून तिकडं मधात जोडलं. तुमी घाबरू नका, स्लॅब टाकून पंधरवडा होऊन राह्यला. फक्त पुढच्या टायमाले ध्यान ठेवा म्हणून सांगतलं."

ते हसले आणि फोन ठेवला. फरहतने चहा तसाच ठेवून मॉडेल उघडलं. हॉलच्या प्रत्येक गाळ्यातल्या, म्हणजे एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंतच्या, तुळया एकेक करून पाहिल्या. मापं बरोबर होती. मग वडिलांना फोन लावला. यार्डातला घणांचा आवाज मला ऐकू येत होता.

"अब्बा, हॉलची सळई कापताना काही गडबड झाली का?"

"कोण म्हणते?"

"लटारूभाऊ."

"त्याले म्हण, चोरी कराची असती तं मी कमीच कापलं असतं. बाजूचं जास्त कापून त्याले बक्षीस कशाले दिलं असतं?"

फरहत हसली, आणि हसता हसताच थांबली. फोन हातात तसाच. पडद्यावर दोन गाळ्यांच्या मधला खांब होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

"काकू, त्यांनी हा खांब सरकवला."

मला कळलं नाही. तिने एका टोकाला चहाचा कप, दुसऱ्या टोकाला बशी आणि मध्ये साखरेचा डबा ठेवला. डबा सरकवला की एक बाजू मोठी, दुसरी लहान. म्हणून एकीकडे सळई कमी, दुसरीकडे तेवढीच जास्त. पूर्वी खांब सरकला असता तर सळई त्याच मापाने जागेवर कापली गेली असती, अखंड. या वेळी सळई चंद्रपुरातून कापून गेली होती, खांब जिथे असायला हवा होता त्या मापाने. चौदा फुटांची तुळई अठरा फुटांची झाली होती. आणि तिच्या पोटातल्या सळया मधोमध जोडलेल्या होत्या.

"तुळईला सगळ्यात जास्त ताण तिथीच येते," ती म्हणाली. "मधोमध, खालून."

"पडेल का?"

"बल्ल्यांचे टेकू खाली आहेत तोवर नाई पडणार." ती पडद्याकडेच पाहत होती. "बल्ल्या काढल्यावर माहीत नाई."

लटारूभाऊंनी पुन्हा फोन उचलला नाही. त्यांच्या मिस्त्रीचा, डोमाचा, फोन लागला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. आवाज तुटत होता. डोमा म्हणाला, सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा बल्ल्या-प्लेटांचा आधार, खोलायला घेतलं आहे, प्लेटा वडशाच्या दुसऱ्या कामावर पाठवायच्या आहेत. लहान गाळा आज झाला, मोठा उद्या. फरहत ओरडूनच म्हणाली, उद्या खोलू नका. तिकडून "हॅलो, हॅलो" आलं आणि लाइन गेली.

नागपूरच्या ऑफिसमध्ये ज्याने फोन घेतला तो म्हणाला, साहेब बाहेर आहेत, लेखी पाठवा, सोमवारी बघू. तिने लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पुसलं. मॉडेलवर तिचं नाव होतं. पहिलंच काम. ती चुकीची निघाली तर एका बाईने काम अडवलं म्हणून जिल्हाभर हसू होणार होतं. बरोबर निघाली तर काय होणार होतं ते आम्ही दोघींनी तोंडाने बोलून दाखवलं नाही.

"मी चुकीची निघाली तर बरं होईल, काकू," पत्र पाठवून झाल्यावर ती म्हणाली.

सकाळी नूर मोहम्मद पिकअप घेऊन आले. मीही निघाले. पांढऱ्या केसांची बाई सोबत असली की ठेकेदार आवाज चढवत नाहीत, हे मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं आहे. मूल, सावली ही गावं मागे पडली, वैनगंगेचा पूल आला. पाणी दोन्ही काठांना लागलेलं होतं. गडचिरोली सुटल्यावर जंगल जवळ आलं आणि फोनच्या रेंजचे दांडे एकेक करून गेले. फरहत दर वळणाला फोन उचलून पाहायची आणि मांडीवर उपडा ठेवायची. नूर मोहम्मदांनी एकदा काही विनोद केला. कुणी हसलं नाही. मला मात्र वाटेत प्रत्येक पुलावर, प्रत्येक नव्या घराखाली वाकून पाहावंसं वाटत होतं. माणसं किती निर्धास्तपणे छपराखाली बसलेली असतात.

आम्ही पोचलो तेव्हा लहान गाळा मोकळा झालेला होता, आणि मोठ्या गाळ्याच्या कडेच्या बल्ल्या काढून भिंतीशी रचल्या होत्या. मधल्या अजून उभ्या होत्या. त्यांतल्या दोन बल्ल्यांना लुगड्याचा झोका बांधलेला, आणि झोक्यात एक बाळ. पलीकडे चूल, भांडी, गोधड्या, कोंबड्या. मजुरांची पाच-सहा बिऱ्हाडं त्याच स्लॅबखाली राहत होती.

फरहत गाडीतून उतरली आणि दाराशीच थांबली. मी तिचा दंड धरला होता.

"डोमाभाऊ, सगळ्याइले बाहेर काढा," ती म्हणाली. "आधी ते बाळ."

डोमा बिडी टाकून उठला. पन्नाशीचा, काटक माणूस. "काऊन बाई? आमी इथीच झोपतो. आमाले मराची हौस हाये का?"

"बाहेर तुमच्या ताडपत्रीच्या झोपड्या आहेत ना?"

"हायेत. पण कोन जाईन तिथी? हत्ती आला हाये इकडं. परवा पलीकडच्या धानात होता. ताडपत्री काय, हत्तीनं फुंकलं तं उडन. हे पक्कं हाये." त्याने वर स्लॅबकडे बोट केलं.

बाळाची आई दिव्यानी, डोमाची सून, झोक्याला हात लावून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. बाहेर हत्ती होता आणि वर ती तुळई होती. मी पुढे झाले, बाळ उचललं आणि शाळेच्या व्हरांड्याकडे चालू लागले. दिव्यानी माझ्यामागे आली. तिच्यामागे बाकीच्या बायका आल्या. शाळेच्या अधीक्षिका पुढे आल्या, त्यांनी काही न विचारता एका वर्गाचं कुलूप काढलं.

मी परत आले तेव्हा फरहत हॉलच्या मागच्या बाजूला उभी होती. तिथे ऐनाचं एक मोठं झाड होतं. झाडाखाली हळद लावलेले तीन दगड, कोंबड्याची पिसं, नारळाच्या करवंट्या. गवत आता तुडवलं गेलं होतं, म्हणून दगड दिसत होते.

"खांबाचा खड्डा खंदाले गेलो," डोमा सांगत होता, "तं गावातले म्हातारे आले. इथी पेन हाये, गावाचा देव, म्हने. खड्डा दगडाच्या खाली जाऊन राह्यला होता. मंग लटारूभाऊनं नारळ फोडला आन् खांब चार फूट सरकवला. समोरचा बी सरकवला, तुळई तिरपी नको म्हणून. देवाच्या जागेवर कोन खंदते बाई?"

"कोणी नाई खंदत," फरहत म्हणाली. "मी पण नसतं खंदू दिलं."

मग ती आत गेली. नूर मोहम्मद म्हणाले, "मी धरतो टेप, तू राय बाहेर." तिने ऐकलं नाही. दोघांनी माप घेतलं, अठरा फूट. मग तिने तुळईच्या दोन्ही टोकांना, खालच्या बाजूने, सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवरून दोरी ताणली आणि मधोमध, दोरी आणि तुळई यांच्यातलं अंतर मोजलं. टोकाला होतं त्यापेक्षा ते कमी होतं. कडेच्याच बल्ल्या काढल्या होत्या, मधल्या होत्या, तरी तुळई बोटभर खाली आली होती.

तेवढ्यात लटारूभाऊंची गाडी आली. दार उघडायच्या आधीच त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.

"काय मॅडम, मजूर बाहेर काढले म्हणे. काम बंद कराचा अधिकार कोनी देला तुमाले?" मग मला पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "नमस्कार बाई. तुमी बी?"

"भाऊ, खांब सरकवला ते मले काऊन नाई सांगतलं?" फरहतने विचारलं.

"त्यात काय सांगाचं? आमी काय पयल्यांदा सरकवला का? देवाले विचारूनच सरकवला."

"देवाले विचारलं. मले नाई विचारलं."

"तुमचं मॉडेल चंद्रपुरात. देव इथी हाये. तुमच्या थ्रीडीत देव दिसते का?"

"दिसला असता. तुमी फोन केला असता तर मी त्याले त्याच्या जागेवर ठेवून खांब दुसरीकडे नेला असता. सळई त्या मापाची आली असती. एका दिवसाचं काम होतं, भाऊ." तिचा आवाज फुटत होता. "आता ही दोरी पाहा."

लटारूभाऊ दोरीकडे वाकले. एकदा टोकाला पाहिलं, एकदा मधोमध. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. त्यांनी झाडाखालच्या दगडांकडे पाहिलं.

"डोमा," ते म्हणाले, "बल्ल्या परत लाव."

बल्ल्या लावायच्या म्हणजे कुणीतरी त्या तुळईखाली जायचं. कुणी हललं नाही. डोमा स्वतः पुढे झाला, त्याच्यामागे दोघे. वर्गाच्या दारातून बायका पाहत होत्या. बल्ली उभी करायची, खाली पाचर घालायची आणि घणाने ठोकायची. प्रत्येक ठोक्यासरशी वरून धूळ झरायची. पहिल्या ठोक्याला डोमा हात वर धरून थांबला, कान देऊन. मग पुन्हा ठोकलं. फरहत हॉलच्या उंबऱ्यावर उभी होती, एक पाय आत, आणि सांगत होती, इथी नाई, तिथी, मधोमध. नूर मोहम्मद दोनदा म्हणाले, "बेटा, बाहर आ." तिसऱ्यांदा ते स्वतःच आत जाऊन तिच्या बाजूला उभे राहिले.

शेवटची बल्ली लागल्यावर सगळे बाहेर आले. डोमाने नवी बिडी काढली, पण काडी पेटवता आली नाही. लटारूभाऊंनी पेटवून दिली.

सोमवारी नागपूरहून इंजिनिअर आले. खांब साइटवर जिथे उभा होता तिथे फरहतने तो मॉडेलमध्ये हलवला, सळईचा जोड टाकला, आणि त्यांनी हिशेब केला. तुळई स्वतःच्या आणि स्लॅबच्या वजनालाही पुरली नसती, असं त्यांनी सांगितलं. मोठ्या गाळ्यात दोन्ही बाजूंना एकेक नवा खांब घालावा लागला, देवाच्या दगडांपासून दूर, गावातल्या म्हाताऱ्यांना उभं करून. ते दगड आता मॉडेलमध्येही आहेत. मला फरहतने दाखवले. तिथे तिने झाडाचं नावही घातलं आहे.

नागपूरच्या ऑफिसने तिचे आभार मानले आणि पुढचं काम दुसऱ्याला दिलं. इथल्या काही ठेकेदारांनी तिच्या खोलीकडे पाठ फिरवली. ती बाई काम थांबवते, असं त्यांचं म्हणणं. काही नव्याने आले. लटारूभाऊ तिलाच काम देतात. आता ते साइटवरून दिवसभर फोटो पाठवतात. "वाळूवर कुत्रं झोपलं तरी भाऊ फोटो पाठवतात," ती म्हणते. पण प्रत्येक फोटो ती मोठा करून पाहते. फोन वाजला की तिचा हात आधी थबकतो. नवं मॉडेल पूर्ण झालं की खुर्ची मागे सरकवून ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसते. सगळं बरोबर दिसलं की तिला अधिक भीती वाटते, असं तिने मला सांगितलं. कधी कधी माझ्या खोलीत येऊन उगाच वर छताकडे पाहते आणि मी विचारलं की म्हणते, "काही नाई काकू, पंखा पाहून राह्यली होती."

दिवाळीनंतर नव्या खांबांचं काँक्रीट पिकलं आणि बल्ल्या निघाल्या. त्या दिवशी फरहत तिथे होती. तुळई जागची हलली नाही. दोरी पुन्हा लावून पाहिली, मधलं अंतर तेवढंच राहिलं होतं. डोमाच्या माणसांनी त्या तुळईखालीच जमिनीवर बसून जेवण केलं, तिला दाखवण्यासाठीच.

वसतिगृह सुरू झालं तेव्हा शाळेने आम्हाला जेवायला बोलावलं. नूर मोहम्मद, मी आणि ती. हॉल मुलींनी भरलेला, भाताची वाफ, ताटांचा आवाज. मी आणि नूर मोहम्मद आत पंगतीत बसलो. फरहत ओसरीवरच राहिली. एक लहान मुलगी ताट घेऊन तिच्याकडे गेली. "आत चला ना ताई. आत पंखे हायेत."

"इथी बरं वाटते मले," फरहत म्हणाली.

मुलगी ते ताट तिला देऊन, आपलं ताट आणून तिच्या शेजारीच बसली. फरहतने पहिला घास घेतला, पण तिची नजर दारातून आत, आमच्या डोक्यांवरच्या तुळईवर होती. आमचं जेवण होईपर्यंत ती तिथून हलली नाही.